रॅम जास्त की रॅम फास्ट? आधी लॅपटॉप कुठे अडतोय ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. त्याच्या आगेमागे घरोघरचे, दुकानोदुकानचे जुने लॅपटॉप विंडोज ११वर गेले आणि तिथे जाऊन धापा टाकू लागले. चला, रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती जागा) वाढवून घेऊ म्हणावं, तर नेमके तेव्हाच रॅमचे भाव भडकले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून कारखाने तिकडे वळले आणि साध्या लॅपटॉपच्या रॅमचा पुरवठा आटला. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

त्याची झळ जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत सगळीकडे पोचली आहे. हात आखडता घ्यायचा असला की मग असा प्रश्न येतो: “भाऊ, १६ जीबीची २६६६वाली टाकू की ८ जीबीची ३२००वाली? दोन्हीचे पैसे नाहीत.” यातले जीबी म्हणजे रॅमचा आकार आणि २६६६, ३२०० म्हणजे तिचा वेग.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपमध्ये रॅम किती वेगाने चालणार हे बहुतेक वेळा प्रोसेसर आणि बोर्डाने (आतल्या मुख्य मदरबोर्डाने) आधीच ठरवलेलं असतं. आपल्या हातात उरतं ते किती जीबी टाकायचे आणि ते किती पट्ट्यांत टाकायचे. आता हे असं का, ते पायरीपायरीने पाहू.

## रॅम म्हणजे जिनिंगचं यार्ड

धरणगाव-बोदवडकडची जिनिंग हंगामात पाहिली असेल, तर निम्मं काम झालं. गोदामातला आणि गाड्यांमधला कापूस यार्डात ढिगाने पडतो. तिथून पाइप हवेच्या ओढीने तो आत खेचतो, आणि आतली यंत्रं रुई वेगळी, सरकी वेगळी करतात. यंत्रं म्हणजे प्रोसेसर, यार्ड म्हणजे रॅम, दूरचं गोदाम म्हणजे फाइली कायमच्या साठवणारी डिस्क, मग ती नवी वेगवान एसएसडी असो किंवा जुनी फिरती हार्डडिस्क. यंत्राला गोदामातून थेट कापूस घेता येत नाही, आधी तो यार्डात यावा लागतो. तुम्ही एक्सेलची फाइल उघडता तेव्हा ती अशीच डिस्कवरून रॅममध्ये येते आणि मग प्रोसेसर तिला हात लावतो.

किती जीबी, म्हणजे यार्ड केवढं. रॅमचा वेग, म्हणजे पाइपाची ओढ किती.

आता समजा यार्ड खच्चून भरलं आणि दारात आणखी चार गाड्या आल्या. मालक काय करेल? यार्डातला थोडा माल गोदामाकडे परत पाठवेल, जागा करेल, आणि त्या मालाची पाळी आली की पुन्हा वाहून आणेल. विंडोजही हेच करतं. रॅम भरली की सध्या न लागणारा भाग ते डिस्कवरच्या एका राखीव फाइलमध्ये ठेवतं. या फाइलला पेजफाइल म्हणतात. तुम्ही टॅब बदलला आणि पान दोन-चार सेकंद पांढरं राहिलं, तर पुष्कळदा ही वाहतूकच चाललेली असते. अशा वेळी पाइपाची ओढ वाढवून काय उपयोग? ओढायला यार्डात तो कापूसच नसतो.

## पट्टीवरचं लेबल

रॅमची पट्टी हातात घ्या. बोटभर लांबीच्या हिरव्या किंवा काळ्या पट्टीवर पांढरं लेबल असतं, आणि त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए’. पहिला आकडा आकाराचा. ‘१आरएक्स८’ ही चिप्सची मांडणी, ती सोडून दिली तरी चालेल. ‘पीसी४’ म्हणजे डीडीआर४ या पिढीची पट्टी. ‘३२००’ म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माल पोचवण्याची क्षमता. दुकानात याला सरसकट मेगाहर्ट्‌झ म्हणतात. काटेकोर बोलायचं तर घड्याळ १६००चंच असतं, पण प्रत्येक ठोक्याला दोनदा माल जातो. दुकानदाराशी यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रत्येक खेपेत ८ बाइट जातात. म्हणजे ३२००ची पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते आणि २६६६ची पट्टी सुमारे २१.३ जीबी. फरक वीस टक्क्यांचा. कागदावर तो मोठा वाटतो आणि जाहिरातीत तर त्याहून मोठा.

दुसरी एक गोष्ट लेबलवर ठळक दिसत नाही: माल मागितल्यापासून पहिला कण येईपर्यंतचा वेळ. याला लेटन्सी म्हणतात, आणि ती ‘सीएल’ या आकड्यावरून काढता येते. लॅपटॉपची साधी २६६६ची पट्टी सहसा सीएल १९ची असते, तिचा हिशेब १४.२५ नॅनोसेकंद येतो. ३२००ची साधी पट्टी सीएल २२ची, तिचा १३.७५. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आणि नवीन डीडीआर५? ४८००ची सीएल ४० पट्टी घेतली तर साडेसोळा नॅनोसेकंदांच्या थोडं वर. म्हणजे वाहून नेण्याची ताकद दीडपट, पण पहिला कण उलट किंचित उशिरा. ‘फास्ट’ या एका शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, त्या अशा.

## अर्धा नॅनोसेकंद विरुद्ध सव्वादोन महिने

आकडे इतके बारीक आहेत की डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. म्हणून ते फुगवून पाहू. प्रोसेसरने रॅमकडे काही मागितलं की ते हातात पडेपर्यंत एकूण सुमारे १०० नॅनोसेकंद जातात. हे १०० नॅनोसेकंद आपण एक मिनिट धरू.

चांगल्या एसएसडीला त्याच कामाला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजारपट. आपल्या मापात जवळजवळ सतरा तास. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. आपल्या मापात सव्वादोन महिने.

आणि २६६६ व ३२०० यांच्या सीएलमधला तो अर्धा नॅनोसेकंद? आपल्या मापात सेकंदाचा तिसरा हिस्साही नाही.

जास्त आणि फास्ट यांतल्या भांडणाचा निकाल जवळपास इथेच लागतो. रॅम अपुरी पडते तेव्हा मिनिटाच्या कामाला सतरा तास लागतात. रॅम पुरेशी आहे पण थोडी हळू आहे, तेव्हा मिनिटातले काही क्षण जातात. पहिलं दुखणं कोणालाही जाणवतं. दुसरं दाखवायला मोजमापाचं सॉफ्टवेअर लागतं.

## यार्ड भरलंय का, ते स्वतः बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करा. पण हे लॅपटॉप नुकताच सुरू केल्यावर करू नका. ऐन कामाच्या वेळी करा.

आपल्याकडच्या एखाद्या सेवा केंद्राचं उदाहरण घेऊ. केळीच्या फळपीक विम्याची मुदत संपत आली आहे, बाहेर रांग आहे. क्रोममध्ये विम्याचं पोर्टल, सातबारा, बँक आणि ईमेल मिळून वीसेक टॅब. स्कॅनरचं सॉफ्टवेअर उघडं, आधार आणि पासबुकाच्या पीडीएफ उघड्या, वर व्हॉट्सॲप आणि अँटिव्हायरस. लॅपटॉप ८ जीबीचा. टास्क मॅनेजरमध्ये ‘इन यूज’ ७.२ दिसतं आणि ‘कमिटेड’ १२.५. कमिटेड म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने देऊ केलेली जागा. ८ जीबीच्या यार्डात साडेबारा जीबीचे वायदे झाले आहेत. त्यातच डावीकडच्या यादीत ‘डिस्क’ ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडकलेली असेल, तर निदान पक्कं समजा. या माणसाला ३२००चा वेग विकणं म्हणजे निव्वळ लूट. त्याला जीबी हवेत.

उलट उदाहरणही तितकंच खरं. आडत दुकानावर टॅली, एक्सेल आणि दोन-चार टॅब चालतात, ८पैकी ५ जीबी वापरात आहेत, कमिटेड सहाच्या आसपास. तिथे १६ जीबी टाकले तर उरलेलं यार्ड रिकामं पडून राहील. सध्याच्या भावात तर तो खर्च अजिबातच करू नये. लॅपटॉप हळू आहे तो दुसऱ्या कशाने तरी.

एक खबरदारी घ्या. नुसती टक्केवारी बघून घाबरू नका. विंडोज मोकळी रॅम मुद्दाम रिकामी ठेवत नाही, पुन्हा लागेल असं सामान तिथे मांडून ठेवतं आणि गरज पडली की लगेच उचलतं. म्हणून कमिटेड आणि डिस्क हे दोन आकडे एकत्र वाचायचे.

## “पण माझ्याकडे एसएसडी आहे ना?”

असली तर चांगलंच. सव्वादोन महिन्यांचे सतरा तास झाले. पण सतरा तासांचं मिनिट होत नाही, त्यामुळे एसएसडी हा रॅमला पर्याय नाही.

मात्र लॅपटॉपमध्ये अजून हार्डडिस्क असेल, तर या लेखातला जास्त-फास्टचा सगळा वाद बाजूला ठेवा आणि आधी एसएसडी बसवून घ्या. विंडोज सुरू होण्यापासून फाइल उघडण्यापर्यंत प्रत्येक कामात फरक दिसेल. ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीही खरी होती, तरी आजही हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपला रॅम विकली जाते.

## एक मोठी पट्टी की दोन लहान?

वेगाबद्दलची खरी कमाई इथे आहे, आणि दुकानात हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन रस्ते असतात. एकच पट्टी लावली की एकच रस्ता वापरात येतो. सारख्या दोन पट्ट्या लावल्या की दोन्ही चालू होतात. याला ड्युअल चॅनल म्हणतात. जिनिंगला एकाऐवजी दोन पाइप जोडावेत तसंच. २६६६च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला सुमारे ४२.६ जीबी वाहतात, तर ३२००ची एकटी पट्टी २५.६. म्हणजे ‘हळू’ जोडी ‘फास्ट’ एकट्याला सहज मागे टाकते.

याचा पुरावा लॅपटॉप स्वतःच देतो. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या काही आय५, आय७ लॅपटॉपमध्ये एकच पट्टी असली की ग्राफिक्सचं नाव नुसतं ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसतं. दुसरी पट्टी लावली की तीच चिप ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसते. दुसरा पाइप जोडल्याशिवाय इंटेल तिला वरचं नाव लावूच देत नाही.

म्हणून ८ जीबीची एक पट्टी असलेल्या आणि एक जागा मोकळी असलेल्या लॅपटॉपला सरळ हिशेब असा: त्याच जातीची, त्याच वेगाची आणखी एक ८ जीबीची पट्टी घ्या. जीबीही दुप्पट, रस्तेही दोन. जास्त की फास्ट हा प्रश्नच उरत नाही.

बोर्डावर ४ जीबी कायमची चिकटवलेली आणि एकच जागा मोकळी, अशी गाडी पुष्कळांकडे असते. तिथे ८ची पट्टी लावली तर पहिले ४ अधिक ४ जीबी दोन्ही रस्त्यांनी चालतात आणि उरलेले ४ एका रस्त्याने. हे बिघडलेलं नाही. विषम जोडीने काम होत नाही असं कोणी सांगितलं, तर ऐकून सोडून द्या.

## “मी महागडी फास्ट पट्टी घेतली तर लॅपटॉप फास्ट होईलच की!”

प्रोसेसरला जेवढं झेपतं तेवढ्यावरच ती चालेल. इंटेलचा आय५-८२५०यू डीडीआर४ २४००पर्यंतच घेतो, आय५-१०२१०यू २६६६पर्यंत, आय५-११३५जी७ ३२००पर्यंत. पहिल्या लॅपटॉपमध्ये ३२००ची पट्टी लावली तर ती मुकाट २४००वर चालते. नुकसान होत नाही, पण जादा पैसे पाण्यात. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही कमी वेगावर येतात.

गेमिंगच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पट्ट्यांत तर आणखी गंमत आहे. त्यांचा छापील वेग मिळवायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सोयच नसते. मग जादा पैसे मोजून घेतलेली पट्टी साध्या पट्टीपेक्षाही हळू चालू शकते.

## मग वेगाला काहीच किंमत नाही?

आहे. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही तिथे चित्र काढण्याचं कामही रॅममधूनच होतं, म्हणून गेम खेळताना वेगवान रॅम चांगलीच जाणवते. मोठे झिप बांधणं, व्हिडिओ तयार करणं, लॅपटॉपवरच एआय मॉडेल चालवणं, या कामांतही पाइपाची ओढ महत्त्वाची. पण तिथेही क्रम तोच: आधी पुरेसे जीबी, मग जोडी, मग वेग.

किती जीबी पुरेसे, याचा माझा ठोकताळा असा. कार्यालयीन कामाला आणि शाळा-कॉलेजला ८ जीबीत भागतं, १६मध्ये निवांत. ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर (फोनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोराने १६च्या खाली विचार करू नये. व्हिडिओ एडिटिंग किंवा जड नकाशांचं काम रोजचं असेल तर ३२.

## “भुसावळच्या उन्हात जास्त रॅमने लॅपटॉप तापेल का?”

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो त्या गावात ही शंका येणारच. एक पट्टी एखाद-दोन वॅटच्या आसपास वीज खाते. साधा लॅपटॉप प्रोसेसर १५ वॅटचा असतो आणि जोर लागला की त्याहून पुष्कळ वर जातो. शिवाय डीडीआर४ची २६६६ असो की ३२००, दोघी १.२ व्होल्टवरच चालतात. म्हणजे उष्णतेचा बोजा पट्टीकडून फारसा येत नाही.

रॅमला उष्णता अजिबात बाधत नाही असंही नाही. तिच्यातली माहिती विजेच्या इवल्याशा साठ्यात असते आणि तो साठा सतत गळत असतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत ती सगळी पुन्हा भरावी लागते. चिप ८५ अंशांच्या वर गेली की गळती वाढते आणि हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं. पण लॅपटॉप तिथवर तापला असेल तर दोष बहुधा पंख्याचा. जिनिंगच्या किंवा डाळमिलच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडून बघा, पंख्याच्या जाळीत नमदा बसलेला असतो. तो साफ करायला रॅमच्या तुलनेत काहीच पैसे लागत नाहीत.

## पैसे काढण्याआधी

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायला जाल तर बोर्ड जाईल. म्हणून जुनी पट्टी काढून दुकानात घेऊन जाणं सगळ्यात बरं, निदान लेबलचा फोटो तरी न्या.

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. त्यावरून जागा मोकळी आहे का कळतं, पण ते दर वेळी खरं बोलतं असं नाही. खालचं झाकण उघडून पाहणं जास्त खात्रीचं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम अनेकदा बोर्डावरच चिकटवलेली असते आणि ती वाढवता येत नाही. ॲपलच्या एम१पासूनच्या मॅकबुकमध्येही तेच. असा लॅपटॉप नव्याने घेणार असाल तर पुरेसे जीबी खरेदीच्या दिवशीच घ्या, नंतर संधी नाही.

३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम साध्या वापरात कामाला येत नाही. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट’ पानावर हे लिहिलेलं असतं. आणि प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर दोन-चार अपवाद सोडता तो विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही. अशा गाडीवर आजच्या भावाने मोठा खर्च करण्याआधी दोनदा विचार करा.

पट्टी बसवून घेतली की दुकानातून उठण्याआधी टास्क मॅनेजर उघडायला सांगा. एकूण जीबी बरोबर आहेत का पाहा, बिलावर वॉरंटी लिहून घ्या. घरी आल्यावर विंडोजचंच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा चालवा, खराब पट्टी असली तर बहुधा तिथेच सापडते. आणि ३२००ची पट्टी घेऊनही ‘स्पीड’समोर २४०० दिसलं, तर दुकानदारावर चढाई करण्याआधी आपला प्रोसेसर कोणता ते बघून घ्या.